वाचकांचे प्रश्न : बेटांवरच्या मुलींची स्पर्धा आणि आपलं मैदान

मागच्या अंकात ओशियानिया महिला नेशन्स कपवर छोटं टिपण छापलं होतं. एवढ्याशा टिपणावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. निम्मी पत्रं स्पर्धेबद्दल आहेत आणि निम्मी ‘आमच्याकडं हे कसं करायचं’ याबद्दल. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. सारख्या प्रश्नांना एकच उत्तर दिलं आहे.

प्रश्न : टिपणात ‘बेटांची स्पर्धा’ म्हटलंय, पण विजेत्यांच्या यादीत ऑस्ट्रेलिया आणि तैवान कसे? आणि आता ऑस्ट्रेलिया त्यात का दिसत नाही? (शिवाजी पेठ)

ही स्पर्धा ओशियानिया फुटबॉल महासंघाची, म्हणजे ओएफसीची. महासंघ १९६६ साली स्थापन झाला आणि महिलांची स्पर्धा १९८३ मध्ये न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआला सुरू झाली. पहिला कप न्यूझीलंडने घेतला. तैवान, म्हणजे फुटबॉलच्या कागदपत्रांतलं ‘चायनीज तैपेई’, राजकारणापायी आशियातून बाहेर पडला होता आणि १९८९ पर्यंत ओशियानियात मुक्कामाला होता. पाहुण्याने १९८६ आणि १९८९ चे दोन कप उचलून नेले. ऑस्ट्रेलियाने १९९४, १९९८ आणि २००३ असे तीन जिंकले आणि १ जानेवारी २००६ पासून तो आशियाई महासंघात गेला. तिकडे विश्वचषकाच्या जागा जास्त आणि तोलामोलाचे प्रतिस्पर्धीही जास्त.

गंमत म्हणजे उलटा प्रवासही झालेला आहे. १९७५ मध्ये हाँगकाँगला झालेली पहिली आशियाई महिला स्पर्धा न्यूझीलंडने जिंकली होती.

आज ओएफसीचे पूर्ण सदस्य ११ आहेत : न्यूझीलंड, फिजी, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटे, वानुआतू, न्यू कॅलेडोनिया, ताहिती, सामोआ, अमेरिकन सामोआ, टोंगा आणि कुक बेटे. ऑस्ट्रेलिया गेल्यावर २००७, २०१०, २०१४ आणि २०१८ असे चारही कप न्यूझीलंडने घेतले. २०१८ च्या अंतिम सामन्यात फिजीवर ८–० अशी मात केली. २०२२ मध्ये न्यूझीलंड खेळलाच नाही. पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाचा तो सहयजमान होता, त्यामुळे पात्रतेची गरज नव्हती. त्या वर्षी फिजीत पापुआ न्यू गिनीने यजमानांना २–१ असं हरवून पहिल्यांदा कप जिंकला.

प्रश्न : कोल्हापुरात बसून हे सामने किती वाजता बघायचे? (राजारामपुरी)

भारतीय वेळेपेक्षा फिजी आणि न्यूझीलंड साडेसहा तास पुढे, सॉलोमन बेटे, वानुआतू आणि न्यू कॅलेडोनिया साडेपाच तास पुढे, तर पापुआ न्यू गिनीतली पोर्ट मोर्सबी साडेचार तास पुढे. फिजीच्या राजधानीत, सुव्हात, संध्याकाळी ७ चा सामना म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेबारा. न्यूझीलंडमध्ये त्यांच्या उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे सरकतं, तेव्हा साडेसात तास धरा.

सामोआ आणि अमेरिकन सामोआ यांच्या बाबतीत मात्र तारीखही तपासा. दोन्ही शेजारी आहेत, पण वाररेषेच्या दोन बाजूंना. सामोआने २०११ च्या डिसेंबरची ३० तारीख कॅलेंडरातून गाळली आणि रेषेच्या पलीकडे उडी मारली. आता दोघांच्या घड्याळात काटा एकाच जागी असतो, पण वार वेगळा.

प्रश्न : एकवीस–शून्य असले निकाल लागतात, मग अशी स्पर्धा भरवायचीच कशाला? आमच्या पेठेतल्या पोरीसुद्धा त्यांना हरवतील. (मंगळवार पेठ)

शेवटच्या वाक्याचं आधी बघू. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. टोंगा, सामोआ, अमेरिकन सामोआ आणि कुक बेटे ही चार ‘राष्ट्रं’ एकत्र केली तरी तेवढी भरत नाहीत. कुक बेटांची लोकसंख्या तर पंधरा हजारांच्या आसपास. आपली एखादी पेठ राष्ट्रीय संघ म्हणून उतरवायची असं समजा. त्या हिशेबाने ही मंडळी कच्ची नाहीत.

आता २१–०. असे दोन निकाल एकाच दिवशी लागले. ९ ऑक्टोबर १९९८ ला ऑकलंडमध्ये न्यूझीलंडने सामोआला २१–० आणि ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआला २१–० असं हरवलं. पण लगेच ‘बंद करा’ म्हणण्याआधी त्याच सामोआचं पुढं काय झालं ते बघा. २०१९ च्या पॅसिफिक क्रीडा स्पर्धेत, स्वतःच्या राजधानीत आपियाला, सामोआच्या मुली अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या आणि रौप्यपदक घेऊन परतल्या. सुवर्ण पापुआ न्यू गिनीचं. महिला फुटबॉल या स्पर्धेत २००३ ला आलं, आणि तेव्हापासून २००७, २०११, २०१५, २०१९ असं सलग पाच वेळा सुवर्ण त्यांनीच नेलं होतं.

अशा निकालांचं मुख्य कारण आमच्या मते सामन्यांची उपासमार. अंगातल्या ताकदीचा किंवा कौशल्याचा प्रश्न त्यानंतर येतो. पॅसिफिकमध्ये एका बेटावरून शेजारच्या बेटावर जायचं तरी बऱ्याचदा फिजीतल्या नाडीला, ऑकलंडला किंवा ब्रिस्बेनला जाऊन विमान बदलावं लागतं. त्यामुळे युरोपसारखे ‘एक सामना तुझ्याकडं, एक माझ्याकडं’ परवडत नाहीत. सगळ्यांना एका गावात गोळा करायचं, दोन आठवड्यांत काय ते उरकायचं आणि पुन्हा तीन-चार वर्षं वाट बघायची. अशा संघाची बचावफळी मोठ्या सामन्यात साठाव्या मिनिटापर्यंत कशीबशी टिकते, मग दम संपतो, ओळींमधलं अंतर वाढतं आणि गोल चार-चारच्या झुबक्यांनी पडतात. सरावात दम वाढवता येतो, पण दमल्यावर जागा कशी धरायची ते सामन्यातच कळतं. स्पर्धा बंद केली तर होते ते चार सामनेही जातील.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या मुलींना विभागीय स्पर्धेत अशाच तगड्या संघाशी खेळायचं आहे. दहा गोल खाऊ नयेत म्हणून काय करावं? (कागल)

पहिली चूक म्हणजे नेहमीचीच मांडणी ठेवून ‘जिद्दीने खेळा’ सांगणं. जिद्दीने पुढे धावलेली बचावफळी पाठीमागे चाळीस मीटर मोकळं रान सोडते. पाच-चार-एक मांडा, म्हणजे मागे पाच, मध्ये चार, पुढे एक. शेवटची ओळ आपल्या गोलपासून १८ ते २० मीटरवर, म्हणजे पेनल्टी क्षेत्राच्या रेषेच्या आसपास. मधली ओळ तिच्यापुढे १० ते १२ मीटर. हे अंतर मैदानावर शंकू ठेवून दाखवा. फळ्यावर काढून समजत नाही.

दुसरी चूक गोल किकची. गोलीने बॉल मधोमध उंच उडवला की तो समोरच्या उंच मिडफिल्डरच्या डोक्यावर पडतो आणि तीन सेकंदांत परत अंगावर येतो. बॉल नेहमी बाजूरेषेकडे मारा. गेला बाहेर तर थ्रो-इन, तेवढ्यात ओळी नीट होतात. पण वेळ काढायला गोलीने बॉल कवटाळून बसू नये. जुलै २०२५ पासून नियम बदलला आहे. गोलीने ८ सेकंदांपेक्षा जास्त वेळ बॉल हातात धरला तर समोरच्याला थेट कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून बोटांनी मोजून दाखवतात.

बदली खेळाडू शेवटी ‘सगळ्यांना खेळवायचं’ म्हणून उतरवू नका. दोन्ही विंगच्या मुली सर्वांत जास्त धावतात, त्या पंचावन्नाव्या मिनिटाला बदला. थकवा चेहऱ्यावर दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. आणि मुलींना लक्ष्य छोटं द्या : पहिली पंधरा मिनिटं गोल नाही. मग पुढची पंधरा.

प्रश्न : आमच्याकडं मुलींचे नऊ संघ तयार आहेत. फिजीत झाली तशी स्पर्धा घ्यायची म्हणतोय. गट, वेळापत्रक, नियम कसे ठेवू? मैदान एकच आहे. (गडहिंग्लज)

गडहिंग्लजचा प्रश्न म्हणजे नुसती हौस नसणार, म्हणून सविस्तर.

२०२२ ला फिजीत नऊच संघ होते. तीन-तीनचे तीन गट, प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकांपैकी सर्वोत्तम दोन असे आठ संघ उपांत्यपूर्व फेरीत. म्हणजे गटातले नऊ सामने खेळून बाहेर पडला फक्त एक संघ! हे वाचून बरेच जण हसतात, पण मुलींच्या नव्या संघांसाठी ही रचना आम्हाला आवडते. एका दिवसात हरून घरी जाणारं कुणी नाही, आठ संघांना किमान तीन सामने मिळतात. एकूण सामने गटाचे ९, उपांत्यपूर्व ४, उपांत्य २, अंतिम १ असे १६. तिसऱ्या जागेचा धरला तर १७. मैदान तेवढे दिवस मिळणार नसेल तर गटविजेते तीन आणि सर्वोत्तम दुसरा असे चार घेऊन थेट उपांत्य फेरी करा, १२ सामन्यांत काम होतं. पण मग निम्म्याहून जास्त संघ दोनच सामने खेळून परत जातील. शक्य असेल तर आम्ही १६ च करू, आणि बाहेर पडलेल्या नवव्या संघाला उपांत्य फेरीच्या दिवशी एक मैत्रीपूर्ण सामना देऊ.

तीनच्या गटाची एक खोड आहे. प्रत्येक फेरीत एक संघ बसून असतो. शेवटच्या सामन्यात खेळणाऱ्या दोघींना नेमका कोणता निकाल ‘दोघींनाही पुरतो’ ते माहीत असतं आणि बसलेली तिसरी नुसती बघत राहते. पूर्ण इलाज नाही, पण निम्मा आहे. दुसरा सामना आधी ठरवू नका. पहिल्या सामन्यात हरलेला संघ दुसऱ्या सामन्यात तिसऱ्याशी खेळेल असं नियमातच लिहा. मग गटाचा शेवटचा सामना पहिल्या दिवशी जिंकलेला विरुद्ध तिसरा असा होतो आणि त्यात बहुतेक वेळा काहीतरी पणाला लागलेलं असतं. उलट केलंत, म्हणजे जिंकलेल्यालाच पुन्हा खेळवलंत आणि तो परत जिंकला, तर पहिल्या क्रमांकाचा निकाल तिथंच लागतो. पहिला सामना बरोबरीत सुटला तर कोण आधी खेळेल याची चिठ्ठी स्पर्धेपूर्वीच काढून ठेवा.

उपांत्यपूर्व फेरीत एकाच गटातले दोन संघ पुन्हा समोरासमोर येऊ नयेत यासाठी जोड्या अशा लावा : ‘अ’चा पहिला विरुद्ध ‘ब’ किंवा ‘क’चा तिसरा, ‘ब’चा पहिला विरुद्ध ‘अ’ किंवा ‘क’चा तिसरा, ‘क’चा पहिला विरुद्ध ‘अ’चा दुसरा, आणि ‘ब’चा दुसरा विरुद्ध ‘क’चा दुसरा. तिसऱ्या क्रमांकाचे कोणतेही दोन संघ आले तरी ही मांडणी बसते.

वेळ. शाळकरी मुलींसाठी ३५-३५ मिनिटांचे दोन हाफ, मध्ये १० मिनिटं, दोन सामन्यांमध्ये १५ मिनिटं. सकाळी साडेसात आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी असे दोन सामने, साडेदहाच्या आत मैदान रिकामं. तिसरा दुपारी ४ ला. साडेचारला ठेवण्याचा मोह होतो. पण डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. ४.३० चा सामना ५.५० ला संपला आणि पेनल्टी शूटआउटची वेळ आली तर शेवटच्या किका गोलीला दिसत नाहीत. गटाचे तीन दिवस, एक दिवस विश्रांती, उपांत्यपूर्वचे चार सामने दोन दिवसांत, पुन्हा विश्रांती, उपांत्य, विश्रांती, अंतिम : दहा दिवस. विश्रांतीचे दिवस कापून ‘सात दिवसांत बसवतो’ म्हणणारा हमखास भेटेल. त्याचं ऐकलंत तर अंतिम सामन्यात पायाला पट्ट्या बांधलेल्या मुली दिसतील.

एखादा संघ आदल्या दिवशी ‘येत नाही’ म्हणाला तर? मग दोनच्या गटातून तिसरा काढता येत नाही आणि ‘सर्वोत्तम तिसरे’ हा सगळा हिशेब कोसळतो. अशा वेळी आठ संघांचे चार-चारचे दोन गट करा : १२ गट सामने, २ उपांत्य, १ अंतिम. हा पर्यायी तक्ता छापूनच ठेवा. आयत्या वेळी केलेला तक्ता कुणालाच पटत नाही.

प्रश्न : गुण सारखे झाले तर आधी गोलफरक बघायचा की आपसातला सामना? दरवर्षी भांडणं होतात. (फुलेवाडी)

दोन्ही पद्धती जगात चालतात, भांडण होतं ते आधी न लिहिल्यामुळे. २०२३ च्या महिला विश्वचषकात फिफाने आधी गटातला एकूण गोलफरक धरला, तर आशियाई महासंघ आपसातल्या निकालाला पहिला मान देतो.

फरक किती पडतो ते पाहा. चारच्या गटात ‘अ’ने ‘ब’ला १–० आणि ‘ड’ला २–० हरवलं, पण ‘क’कडून ०–१ हार खाल्ली. ‘ब’ने ‘क’ला २–० आणि ‘ड’ला ९–० हरवलं. ‘क’ आणि ‘ड’ बरोबरीत. ‘अ’ आणि ‘ब’ दोघांचे ६ गुण. गोलफरक ‘अ’चा +२, ‘ब’चा +१०. गोलफरकाने ‘ब’ पहिला, आपसातल्या निकालाने ‘अ’ पहिला. म्हणजे गोलफरकाच्या पद्धतीत गटाचा मालक कोण हे बिचाऱ्या ‘ड’च्या गोलीने ठरवलं.

ओशियानियात हे प्रत्यक्ष घडलं आहे. १९९१ च्या स्पर्धेत न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाचे गुण सारखे झाले. पहिल्या महिला विश्वचषकाला चीनला कोण जाणार हे गोलफरकाने ठरलं, आणि न्यूझीलंड गेला. पापुआ न्यू गिनीवर कोण किती गोल चढवतं याला तिथे विश्वचषकाची किंमत आली.

संघांमध्ये ताकदीचा फरक मोठा असेल तर आमचा कौल आपसातल्या सामन्याला. लहान संघाला ठोकून काढायचं बक्षीस देऊ नये. मात्र तीनच्या गटात ‘अ’ने ‘ब’ला, ‘ब’ने ‘क’ला, ‘क’ने ‘अ’ला असं चक्र झालं की आपसातला निकाल निरुपयोगी, तिथे गोलफरकच बघावा लागतो. क्रम असा लिहा : गुण, आपसातला निकाल, गोलफरक, केलेले गोल, शिस्तीचे गुण म्हणजे पिवळी-लाल कार्डं, आणि शेवटी चिठ्ठी. ‘सर्वोत्तम तिसरे’ निवडताना आपसातला सामना झालेलाच नसतो, तिथे तेवढं कलम गाळा.

प्रश्न : मुलीचं नाक नुकतंच टोचलंय. चमकीवर चिकटपट्टी लावून खेळू देतील का? आणि शॉर्टखाली लेगिंग्ज चालतात का? (कसबा बावडा)

चमकी चालणार नाही. फुटबॉलच्या नियमावलीतल्या नियम ४ प्रमाणे दागिना कोणताच नको आणि वरून पट्टी चिकटवलेलीही चालत नाही. कानातलं, बांगडी, गळ्यातलं, अंगठी, मनगटावरचा रबरबँड, सगळं बाहेर. विवाहित खेळाडूच्या जोडव्यांनाही हाच नियम, आणि बुटात जोडवी घालून धावलात तर शेजारच्या बोटाची सालटं निघतील ती वेगळी. नवं भोक चमकी काढली की बुजतं, म्हणून टोचायचं ते हंगाम संपल्यावर. यंदा भोक बुजू द्यायचं की सामने सोडायचे हे घरीच ठरवावं लागेल. पंचांशी हुज्जत घालून काही होणार नाही.

लेगिंग्ज चालतात, पण रंग शॉर्टच्या मुख्य रंगाचा हवा आणि सगळ्या संघाचा एकच. जर्सीखालच्या लांब बाह्यांचा रंग जर्सीच्या बाहीसारखा. डोक्यावर स्कार्फ २०१४ पासून रीतसर चालतो : रंग काळा किंवा जर्सीचा, जर्सीला शिवलेला नको, आणि पिनांसारखं टोचणारं काही नको.

प्रश्न : आमच्या तीन मुलींचे गुडघे गेले. मुलींना फुटबॉल झेपत नाही असं लोक म्हणतात. (इचलकरंजी)

लोकांचं सोडा. गुडघ्यातला पुढचा क्रूसबंध, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तो मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतो हे खरं आहे. बहुतेकदा धक्का लागून नाही, तर उडी मारून उतरताना किंवा झटक्यात वळताना, गुडघा आत वाकून. म्हणजे बऱ्याच अंशी तो शिकवण्याचा प्रश्न आहे.

‘फिफा ११+’ नावाचा सराव यासाठीच बनवला आहे. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर त्याची चाचणी झाली. २००८ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी दिसल्या. साहित्य म्हणजे शंकू आणि बॉल, वेळ २० मिनिटं, व्यायाम १५. पहिली आठ मिनिटं हळू धावणं : शंकूंच्या सहा जोड्या, पाच-सहा मीटर अंतरावर, दोघी-दोघींनी. त्यात कंबर बाहेर-आत फिरवणं, खांद्याला खांदा लावून उडी, पुढे-मागे धाव. पुढची दहा मिनिटं ताकद आणि तोल : प्लँक (कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग ताठ धरणं) २०-३० सेकंद तीन वेळा, आडवा प्लँक, एका पायावर उभं राहणं, बैठका, उड्या आणि नॉर्डिक. नॉर्डिकमध्ये गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे धरायचे आणि अंग ताठ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. सुरुवातीला ३ ते ५ वेळाच. पहिल्याच दिवशी दहा घेतले तर दुसऱ्या दिवशी जिना चढवणार नाही. शेवटची दोन मिनिटं वेगाने धाव, लांब ढांगा आणि वळणं.

आठवड्यातून किमान दोनदा करायचं. सामन्याच्या दिवशी मधला भाग गाळायचा, फक्त धावण्याचे दोन भाग.

हे बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, प्रशिक्षक समोर उभा न राहता मोबाइल बघतो. सगळी किमया बैठकीत आणि उडीतून उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत आहे का, आत वळतोय का, हे बघण्यात आहे. दोन, बूट. फेब्रुवारी ते मेमध्ये आपली मैदानं दगडासारखी होतात. तिथे पावसाळी सहा खिळ्यांचे बूट घातले की पाय रुततो, शरीर वळतं आणि गुडघा मध्ये अडकतो. कोरड्या मैदानावर आखूड, साच्यातल्या खिळ्यांचे किंवा बारीक रबरी खिळ्यांचे बूट. मोठ्या भावाचे बूट पुढे कापूस कोंबून घालणं बंद.

प्रश्न : फिलिपिन्सच्या संघात बऱ्याच मुली अमेरिकेत वाढलेल्या. हे चालतं? मग आपल्याकडं परदेशातल्या मराठी मुली का नाहीत? (ताराबाई पार्क)

चालतं, कारण त्यांच्याकडे फिलिपिन्सचं नागरिकत्व असतं आणि तो देश दुहेरी नागरिकत्व मानतो. भारत मानत नाही. २००८ पासून केंद्राचं धोरण स्पष्ट आहे की भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट हवा, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड पुरत नाही. पुरुषांच्या संघात अराता इझुमीने जपानी नागरिकत्व सोडून हा रस्ता धरला. पुणे एफसीकडून खेळलेला म्हणून आपल्याकडे तो ओळखीचा.

बेटांचा मामला आणखी गुंतागुंतीचा. ताहिती आणि न्यू कॅलेडोनियातले लोक फ्रेंच नागरिक, कुक बेटांतले न्यूझीलंडचे. पासपोर्ट एक, पण संघ अनेक. अशा ठिकाणी फिफा आणखी एक दुवा मागते : खेळाडू त्या भूमीवर जन्मलेली असावी, किंवा आई-वडिलांपैकी, नाही तर आजी-आजोबांपैकी कुणी तिथे जन्मलेलं असावं, किंवा तिथे पाच वर्षं वास्तव्य हवं.

फिलिपिन्सचा विषय निघालाच आहे म्हणून : त्या संघाला पहिल्या विश्वचषकाचं तिकीट मिळालं ते आपल्या बालेवाडीत. २०२२ च्या आशिया कपमध्ये ३० जानेवारीला पुण्यात चायनीज तैपेईशी १–१ बरोबरी झाली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये फिलिपिन्स जिंकला. दीड वर्षाने, २५ जुलै २०२३ ला, त्यांनी वेलिंग्टनमध्ये यजमान न्यूझीलंडला १–० हरवलं. गोल सरिना बोल्डनचा. ओशियानियाच्या राणीला घरात हरवणारा संघ दुसऱ्या बेटांवरचा निघाला.

प्रश्न : सकाळी नीट हवा भरलेला बॉल दुपारी दगडासारखा का होतो? आणि फक्कीसाठी साधा चुना चालेल का? (उत्तरेश्वर पेठ)

पाच नंबर बॉलचा दाब ०.६ ते १.१ बार, पंपावरच्या काट्यावर साधारण ८.५ ते १५.६ पीएसआय. वजन ४१० ते ४५० ग्रॅम, घेर ६८ ते ७० सेंटिमीटर. सकाळी २० अंशांना ०.८ बार भरलेला बॉल उन्हात पडून ४० अंशांपर्यंत तापला की दाब ०.९ च्या वर जातो. हेडिंग करणाऱ्या मुलींना तो फरक कपाळावर जाणवतो. बॉल सावलीत ठेवा आणि दाब सामन्याआधी दहा मिनिटं मोजा. सुई थुंकीने नव्हे, ग्लिसरीनच्या थेंबाने ओली करून घाला, नाही तर वॉल्व फाटतो.

फक्कीसाठी कळीचा चुना अजिबात नको. ओल लागली की तो भाजतो, आणि घसरून पडलेल्या मुलीच्या मांडीला किंवा डोळ्याला लागला तर थेट दवाखाना. खडूची पूड किंवा पाणी घातलेला पांढरा इमल्शन रंग वापरा. रेषा १२ सेंटिमीटरपेक्षा रुंद नको. मैदान काटकोनात आहे का बघायला कोपऱ्यापासून एका रेषेवर ३ मीटर, दुसऱ्या रेषेवर ४ मीटरला खूण करा, दोन्ही खुणांत बरोबर ५ मीटर यायला हवेत. मग दोन्ही कर्ण मोजा. १०० बाय ६४ च्या मैदानाचा कर्ण ११८.७३ मीटर, ९० बाय ६० चा १०८.१७. दोन कर्णांत वीतभर फरक आला तर फक्की मारायच्या आधी सुतळी पुन्हा ताणा. रेषा मारून झाल्यावर ती पुसायला अर्धा दिवस जातो.